लादलेल्या सायकलीस टेकू देण्याची शास्त्रोक्त पद्धत

(सातपुड्यातल्या मोलगीकडे निघालेल्या, सज्ञान आणि सामान कमी करण्यास असमर्थ अशा सायकलस्वारांसाठी)

प्रस्ताव

सायकल चालवायला शिकवणारे गल्लोगल्ली भेटतात. ती उभी कशी करायची, यावर मात्र आपल्याकडे कमालीचे मौन आहे. वास्तविक लांबच्या प्रवासाचा हिशेब मांडला, तर सायकल धावते कमी आणि उभी राहते जास्त. रात्रभर उभी, चहाला उभी, पंक्चरला उभी, घाटात धाप लागली म्हणून उभी, आणि धाप लागलेली नसून आपण फोटो काढत आहोत असे भासवण्यासाठीही उभीच. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगी गाठणाऱ्यास ही बाब पहिल्या दोन-चार वळणांतच पटते. तरीही लोक गिअर निवडायला महिना घालवतात आणि स्टँड मात्र दुकानदार काढून देईल तो घेतात. सबब, प्रस्तुत मार्गदर्शन.

व्याख्या

‘लादलेली सायकल’ म्हणजे जिचे स्वतःचे वजन साधारण १५ किलो आणि जिच्यावरचे सामान त्याच्या दुप्पट, अशी सायकल. सामानात तंबू, स्टोव्ह, चार पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक पावसाळी कोट, एक थंडीचा कोट आणि हे दोन्ही भिजले तर घालायचा तिसरा कोट यांचा समावेश होतो. लिटरभर पाणी किलोभर भरते हे शाळेत शिकवतात. पाठ ते घाटात होते.

‘टेकू’ म्हणजे मालक चहा पीत असताना सायकलीला त्याची उणीव भासू न देणारी कोणतीही वस्तू, व्यक्ती अथवा भिंत.

प्रकरण पहिले : आधी जमीन पाहावी

जाहिरातीतली सायकल ज्या जमिनीवर उभी असते, ती पांढरी, गुळगुळीत आणि अगदी पातळीत असते. अशी जमीन सातपुड्यात आढळत नाही. इथे आढळणारे प्रकार पुढीलप्रमाणे:

*मुरूम.* दिसायला घट्ट. स्टँडचा पाय टेकवला की खालचा खडा घरंगळतो. सायकल क्षणभर विचार करते आणि मग पडते.

*पावसाळी माती.* इथे पडण्याची क्रिया सावकाश होते. स्टँड रुतत जातो, सायकल कलत जाते, आणि मालकाला वाटते की आपल्यालाच चक्कर येते आहे.

*डांबर.* भरउन्हात तेही मऊ पडते. शिवाय घाटातले डांबर वळणावर एका अंगाला उतरते केलेले असते. गाड्यांच्या सोयीसाठी ही रचना योग्यच आहे. उभ्या सायकलीचा विचार रस्ता बांधणाऱ्यांनी करावा, ही अपेक्षा जास्तीची होईल.

*सपाट जागा.* ही असते, पण रिकामी नसते. बाजाराच्या दिवशी तिथे भगर, मिरची, कोंबड्या आणि पिकअप गाड्या असतात. उन्हाळ्यात अंगणात कैरीच्या फोडी वाळत असतात. आमचूर हे इथल्या घरांचे हक्काचे उत्पन्न आहे. ४५ किलोंची सायकल त्या फोडींवर पडल्यास झालेले नुकसान कोणत्या दराने भरून द्यावे याची तयारी मनाशी आधीच करून ठेवावी.

यावरून पहिला नियम निघतो: स्टँड सायकलीला बसवतात, पण निवडायचा असतो जमिनीला विचारून.

प्रकरण दुसरे : टेकूचे प्रकार आणि त्यांचे स्वभाव

*१. एकपायी स्टँड.* सर्वांत प्रचलित. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळतात, तशा सायकलींना हाच पुरतो, कारण त्याने झेलायचे ते एक दप्तर आणि एक डबा. लादलेल्या सायकलीचे गणित निराळे आहे. सामानासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरा. सायकल १० अंश कलली की तो सुमारे १२ सेंटिमीटर बाजूला येतो. स्टँडचा पाय चाकांच्या रेषेपासून २५ सेंटिमीटरवर टेकला असेल, तर एकूण वजनापैकी जवळजवळ निम्मा भार, म्हणजे २० किलोंच्या वर, त्या एका पायावर पडतो. आणि त्या पायाच्या तळाशी असते काय? अंगठ्याएवढे रबरी बूट. तेही पहिल्या पावसाळ्यात हरवते.

उपाय साधा आहे. त्या बुटाखाली काहीतरी रुंद ठेवावे: चपटा दगड, फळीचा तुकडा, ठोकून सपाट केलेला डब्याचा पत्रा. दगड सातपुड्यात मुबलक आहेत, त्यामुळे ते पुण्याहून नेऊ नयेत. दुसरे असे की स्टँड डावीकडे असतो, म्हणून पिशवी आधी डावीकडची चढवावी आणि उतरवताना डावीकडचीच शेवटी उतरवावी. उजवीकडची पिशवी आधी अडकवणाऱ्याची सायकल स्टँडकडे पाठ फिरवून उजवीकडे आडवी होते, आणि पिशवी अडकवणारा नेमका तिथेच उभा असतो.

*२. दुपायी मधला स्टँड.* पेडलच्या मागे, दोन नळ्यांच्या बेचक्यात बसतो. दोन पाय फाकवून सायकल सरळ उभी करतो; पुढचे किंवा मागचे, कोणते तरी एक चाक अधांतरी राहते. पाहणाऱ्यावर छाप पडते. उणिवा दोन. पहिली, वजन अर्ध्या किलोहून अधिक. दुसरी, तो पट्टी आणि बोल्ट यांच्या जोरावर नळ्यांना चिमटून असतो. हलेल या भीतीने बोल्ट फार आवळला तर अॅल्युमिनियमची नळी चेपते. चेपेल या भीतीने सैल ठेवला तर स्टँड फिरतो. ज्या सायकलीत कारखान्यानेच स्टँडसाठी जागा करून दिली आहे, तिलाच तो लावावा. पुढच्या चाकावरही पिशव्या असतील तर सायकल स्थिर राहते आणि हँडल मात्र गर्रकन वळते. त्यासाठी पुढचे चाक खालच्या नळीला पट्ट्याने बांधावे, आणि निघताना तो पट्टा सोडावा. या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा महत्त्वाचा आहे.

*३. मागच्या चाकाचा डबल स्टँड.* भारदस्त काळ्या देशी सायकलीचा हा दागिना. मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना तो बसतो, सायकल मागे ओढली की चाक उचलले जाते आणि कॅरिअरवरचे ओझे बरोबर दोन पायांच्या मधोमध येते. वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या लटकवणारा दूधवाला आणि मुंबईत डब्यांची चळत बांधणारा डबेवाला यांनी टेकूचा प्रश्न चर्चासत्र न भरवता सोडवला तो याच स्टँडवर. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा तर सायकल डबल स्टँडवर चढवतो, सीटवर बसून पेडल मारतो, आणि पट्ट्याने जोडलेला धारेचा दगड फिरवतो. म्हणजे त्याची सायकल पैसे कमावते ती उभी असतानाच. दूरच्या प्रवासाची सायकल उभी असताना मालकाचे पैसे फक्त चहावाल्याकडे जातात.

खेदाची गोष्ट ही की नव्या, झटपट चाक निघणाऱ्या पोकळ आसाच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकलींना हा स्टँड बसत नाही. सायकलीची किंमत दहापट झाली आणि उभे राहण्याची अक्कल गेली, असे कोणी म्हटल्यास वाद घालू नये.

*४. घडीची काठी.* तंबूच्या काठीसारखी तुकड्यातुकड्यांची, वर खोबण असलेली. ती वरच्या नळीखाली लावायची आणि ब्रेक बांधून टाकायचा. वजनाला नगण्य, सायकलीच्या नळ्यांना निरुपद्रवी. एकच दोष: ब्रेक न बांधता लावली तर हा टेकू नसून सापळा होतो.

*५. दुबेळक्याची काठी.* वरच्याचीच वडीलधारी आवृत्ती. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली टेकू देणाऱ्यांना हिचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. छातीपेक्षा थोडी कमी उंच, वरच्या टोकाला दोन फांद्यांचे बेचके, खालचे टोक तिरके तासलेले. रुतली तर वर ओढावी, लांब झाली तर कापावी, हरवली तर दुसरी घ्यावी. चढावर सायकल ढकलताना आधाराला, आणि कुत्रे मागे लागल्यास धीराला. नर्मदेची पायी परिक्रमा करणारे शूलपाणीच्या झाडीतून जाताना धडगाव-मोलगीच्या बाजूने येतात. त्यांच्या हातात दंड असतोच. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची हा परिक्रमेचा दंडक. सायकलीचा स्टँड डावीकडे असल्याने तुमची लादलेली सायकल आपोआप नदीपासून अदबीने मागे कलते. स्टँड घडवणाऱ्याच्या मनात हे नसावे, पण श्रेय देऊन टाकायला हरकत नाही.

*६. भिंत.* वजन शून्य, किंमत शून्य, देखभाल दुसऱ्याची. तालेवार स्टँड लावून सायकलीभोवती घिरट्या घालणाऱ्या प्रवाशाला चहावाला हमखास ऐकवतो, “भाऊ, भिंतीला लावा की. भिंत काय पैसे मागते का?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. भिंत कुडाची असेल तर मात्र आधी विचारावे. ती घराला उभे धरण्यात गुंतलेली असते. सायकल लावताना मागचे चाक भिंतीला अगदी भिडवावे आणि पुढचे किंचित दूर ठेवावे, म्हणजे ती पुढे घसरत नाही.

प्रकरण तिसरे : ब्रेक बांधणे

यास कोणी महत्त्व देत नाही, म्हणून स्वतंत्र प्रकरण. स्टँड मागच्या दिशेने मिटतो. म्हणजे सायकल पुढे सरकली की तो स्वतःच घडी होऊन बसतो. ते टाळण्यासाठी पंक्चरवाल्याकडून बाद ट्यूब मागून घ्यावी आणि तिची दोन बोटे रुंद रिंग कापावी. ती हँडलच्या मुठीवर कायम चढवलेली असू द्यावी. सायकल उभी करताना पुढच्या चाकाचा ब्रेक आवळावा आणि रिंग सरकवून ब्रेकच्या दांडीवर आणावी. चाक जखडले. या एका फुकट वस्तूने जेवढ्या सायकली वाचतात, तेवढ्या महागड्या स्टँडने वाचत नाहीत. विकायला ठेवता येत नसल्यामुळे तिची शिफारस कोणी करत नाही, इतकेच.

प्रकरण चौथे : उतारावरील शिष्टाचार

सायकलीचे तोंड नेहमी चढाकडे करावे. तोंड उताराकडे करून ती उभी करणाऱ्यास पुढचा प्रवास सायकलीमागून पायी करावा लागतो.

आडव्या उतारावर स्टँडकडची बाजू खोलात असेल तर सायकल जास्त कलते आणि स्टँडवर भार वाढतो. ती बाजू उंचावर असेल तर सायकल सरळ होते आणि शेळी नुसती घासून गेली तरी पलीकडे कोसळते. शेळ्या बाजारात घासूनच जातात, आणि मागच्या पिशवीत केळी असतील तर मुद्दाम थांबतात. तेव्हा कोन बिनचूक साधण्यापेक्षा केळी आधी खाऊन टाकावीत.

प्रकरण पाचवे : परंपरेचा दाखला

मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात नावाजलेली. तिथे होळीचा उंचच उंच बांबू उभा केला जातो, आणि त्यासाठीचा खड्डा हत्यार न लावता हातांनी कोरण्याची रीत आहे. रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते, तोवर बांबू आपल्या जागी ताठ. त्याला ना स्प्रिंग, ना बोल्ट, ना दोन वर्षांची हमी. खाली खड्डा आणि भोवती माणसे, एवढ्यावर भागते.

यातून प्रवाशाने घ्यायचे ते एवढेच: खड्डा शोधावा लागत नाही, आपल्या रस्त्यांवर तो तयार मिळतो. मागचे चाक त्यात उतरवले की सायकल निम्मी उभी राहिलीच. उरलेल्या निम्म्यासाठी आसपासच्या कोणाला तरी “दादा, जरा धरता का?” असे विचारावे. धरणारा हमखास भेटतो. अट एकच, धरता धरता तो जे विचारेल त्याची उत्तरे द्यावी लागतात: कुठून आलात, गाडी केवढ्याची, मोटारसायकल का नाही घेतली, आणि घरी कोणी रागावत नाही का.

शंकासमाधान

*मग घ्यावा तरी कोणता?* लोखंडी सायकल आणि स्टँडची जागा असेल तर दुपायी. नसेल तर काठी. दोन्ही परिस्थितींत ट्यूबची रिंग आणि चपटा दगड.

*दोन स्टँड लावले तर?* मग त्यांच्या वजनासाठी तिसरा लागेल.

*स्टँड मुळीच नसला तर?* सायकल आडवी निजवावी. चेन उजवीकडे असते, म्हणून डाव्या कुशीवर. जी आधीच पडलेली आहे ती आणखी पडू शकत नाही, आणि हा एकमेव टेकू आहे ज्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

अंतिम कसोटी

नव्या स्टँडच्या खरेदीपूर्वी सायकल पूर्ण लादून आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्टँडवर लावावी, हात सोडावा आणि वीस आकडे मोजावेत. ती ज्या बाजूला पडेल, त्या बाजूच्या पिशवीतून एक वस्तू काढून घरी ठेवून यावी. सुरुवात तिसऱ्या कोटापासून करण्यास हरकत नाही. पुन्हा लावावी, पुन्हा मोजावे. पिशव्या पार रिकाम्या झाल्यावरही सायकल पडत असेल तर स्टँड खुशाल बदलावा. तोपर्यंत दुकानदाराशी भांडू नये.