गट क्रमांक सातची खडखड

सकाळी साडेसहाला फाटक वाजलं की समजावं, दूधवाला नाही, मोजणीदार काका आहेत. बोटात गाडीची चावी, कानावर पेन्सिल, काखेत लांबट वही.

"चालतं का कळंबले?"

यवतमाळात सकाळी कळंबला निघालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. चिंतामणीचं दर्शन, दुसरं काय! पहिल्या खेपेला मीही अंघोळ करून, जास्वंदीची चार फुलं घेऊन गाडीत बसलो होतो. या गणपतीला वर चढून नाही, पायऱ्या उतरून भेटावं लागतं. मी चपला काढून पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, तोच मागून हॉर्न. काकांनी गाडी परतीच्या तोंडाला लावलेली.

"अन् दर्शन?"

"येनं उजव्या कानानं आयकलं नं, आता जातानी डाव्या कानानं आयक. देव कुठी जात नाही. आवाज जाते."

तर प्रकरण आवाजाचं होतं. काकांच्या गाडीच्या डॅशबोर्डमधून खडखड येत होती. गाडीची कंपनी मी सांगणार नाही. उद्या काकांनी ती विकायला काढली तर गिऱ्हाईक बिचकायला नको. तसंही आवाज एवढासा. काडेपेटीत चार काड्या उरल्यावर ती हलवली की येतो तेवढा. मला तर पहिल्या तीन फेऱ्यांत तो ऐकूच आला नाही. चौथ्या फेरीत आला आणि तेव्हापासून झोपेतही येतो. काकांच्या संगतीचा हा धोका आहे.

कळंबच का, तर तिकडे जाणारा वर्धा रोड सिमेंटचा. काँक्रीट आकसताना वेडंवाकडं तडकू नये म्हणून अशा रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर एक आडवी चीर कापून ठेवतात. ताशी ६० ने गेलं की चाकाखाली सेकंदाला साडेतीन-चार ठोके पडतात. काकांच्या लेखी तो रस्ता नाहीच, तबलजी आहे. तो ठेका धरतो आणि गाडीत बेताल कोण ते आपोआप उघडं पडतं. उलट पाइपासाठी खोदून बुजवलेल्या आमच्या गल्लीत सगळेच आरोपी एकदम बोलतात. साक्ष कोणाची घेणार?

आरोपी, साक्ष, वाद ही भाषा काकांची, माझी नाही. भूकरमापक म्हणून त्यांनी आयुष्यभर जिल्हा मोजला, झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत. तेहतीस फुटी साखळी ओढली, प्लेन टेबल खांद्यावर वाहिलं, आणि आता रोव्हर घेऊन येणाऱ्या पोरांना बांधावर उभं राहून चुका सांगतात. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एक एकर, आणि त्यातल्या हातभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे. हे दृश्य ज्याने पस्तीस वर्षं रोज पाहिलं, त्याला निवृत्तीनंतर बंगल्याच्या ओट्यावर शांत बसवा, आणि काय होतं ते बघा. त्याच्याकडे कोणी भांडण आणेना. मग त्याने गाडीत शोधलं.

गंमत म्हणजे काका दारव्ह्याचे. त्यांचं बालपण शकुंतलेच्या डब्यात गेलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. त्या डब्यात बाक, खिडक्या, दारं, डबे जोडणारे आकडे, सगळं एकाच वेळी वाजायचं आणि काका आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपायचे. तोच माणूस आज बंद काचांच्या, एसीच्या गाडीत एका प्लॅस्टिकच्या पट्टीमुळे रात्र रात्र जागा असतो. मी हे एकदा बोलून दाखवलं. काका म्हणाले, "बाजारात सारेच बोंबलते, तिथं कोन आयकते? पन मयतीत कोनी खोकललं तरी साऱ्याइच्या माना वळते."

खडखड आधी अर्थातच सर्व्हिस सेंटरला नेली होती. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते तसं तिथे झालं. सल्लागार शेजारी बसला आणि गाडी मुकी. दोन चौक फिरून तो म्हणाला, "प्लॅस्टिक आहे काका, थोडा आवाज येणारच."

"थोडा म्हंजे किती? आकडा सांगा."

आकडा त्याच्याजवळ नव्हता. ज्याच्याजवळ आकडा नाही त्याच्याशी काका बोलत नाहीत. त्या दिवसापासून मोजणी स्वतःच्या हाती घेतली.

वहीच्या पहिल्या पानावर डॅशबोर्डचा नकाशा आहे, पेन्सिलीने काढलेला, प्रमाणासह. एकंदर चौदा गट. त्यात गट क्रमांक सात हा वादग्रस्त: एसीच्या मधल्या जाळ्या, त्याखाली रेडिओची चौकट, दोहोंमध्ये चकचकीत पट्टी. पोटहिस्से ७/१, ७/२, ७/३. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस समोरची काच, पश्चिमेस गिअरचा दांडा, उत्तरेस सामानाचा कप्पा, दक्षिणेस स्टिअरिंग. खाली टीप, 'दिशा गाडीचे तोंड कळंबकडे असताना धराव्यात.' पुढच्या पानांवर नोंदी. 'ता. १४, सकाळी ७.१०, ताशी ४२, तिसरा गिअर, एसी बंद, आवाज ७/२ मधून. सौ. सोबत असल्याने पुढील ऐकणे शक्य झाले नाही.'

या नोंदींतून काकांनी जो सिद्धांत काढला, तो मी ऐकलेल्या कुठल्याही मेकॅनिकपेक्षा स्पष्ट आहे, हे मान्य करायला हवं. गाडीतले आवाज दोनच जातीचे. एक खडखड, दुसरी किरकिर. खडखड म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये फट पडली, मधली जागा पडीक राहिली, आणि गाडी हादरली की दोघं एकमेकांवर आदळतात. किरकिर म्हणजे अतिक्रमण. एक दुसऱ्याच्या अंगावर चढलाय. घासतो, अडतो, सुटतो, पुन्हा अडतो, सारंगीवर गज फिरावा तसं. औषधं उलटी. खडखडीला मध्ये काहीतरी भरायचं, फोम, फेल्टची पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा. किरकिरीत तेच भरलं की दाब वाढतो आणि भांडण पेटतं. तिथे घसरती कापडी टेप लावून दोघांना गुळगुळीत करायचं, नाहीतर स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा. "लोक काय करते, आवाज आला का कोंब फोम, आवाज आला का कोंब फोम. अरे, आधी वाद तं समजून घे!"

आणि वाद ऋतूप्रमाणे बदलतो. प्लॅस्टिक उष्णतेने लोखंडाच्या कितीतरी पट फुगतं. डिसेंबरातल्या पहाटे ते आकसलेलं असतं, फटी उघडतात, खडखड. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, बंद गाडीत काचेखाली त्याहून वर. तेव्हा सवा मीटरचा डॅशबोर्ड दोन-तीन मिलिमीटर पसरायला बघतो, पण त्याचे स्क्रू ज्या लोखंडी नळीत रोवलेत ती जागची हलत नाही. मग अतिक्रमण, किरकिर. म्हणून काकांच्या वहीत खडखड रब्बी आणि किरकिर उन्हाळी, अशी पीकपाहणी आहे.

माझं काम ऐकण्याचं आणि दाबण्याचं. गॅसच्या शेगडीची जुनी रबरी नळी. एक टोक माझ्या कानात, दुसरं टोक मी फटी-फटीवरून मुंगीच्या चालीने सरकवायचं. काका ४२ चा काटा धरून ठेवतात, कारण ही खडखड ४२ लाच येते. चाळीसला नाही, पंचेचाळीसला नाही. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची एक चाल असते, खालची थरथर तिच्याशी जुळली की ती बोलते. मागून ट्रकवाले शिव्या देत पुढे जातात.

"दाब."

मी तळहाताने पट्टी दाबतो. आवाज थांबतो.

"सोड."

वाजतो.

"दाब. सोड. आता जरा उत्तरेकडं दाब."

एकदा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी मला डॅशबोर्डवर दोन्ही पंजे टेकवून, डोळे मिटून, कानात नळी घालून बसलेला पाहिलं. काका त्यांना म्हणाले, "नाही जी, झपाटला नाही. कामावर हाय."

मेच्या पहिल्या रविवारी, कडुनिंबाखाली, डॅशबोर्ड उघडला. उन्हाळ्यातच का? थंडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होऊन तटकन तुटतात, उन्हाने त्या नरमतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि दहा मिनिटं चहा घेतला. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही वेळ साठून राहते, घाई करायची नाही. पिवळ्या सॉकेटच्या वायरी दिसल्या की काका हात मागे घेतात. "ते वर्ग दोनची जमीन हाय. परवानगीशिवाय हात लावाचा नाही." बाकी पट्ट्या त्यांनी कुल्फीच्या काड्यांनी उचकटल्या, पेचकसाने नाही; लोखंडाने काठावर ओरखडे उठतात. निघालेले स्क्रू ओळीने इडलीपात्रात. एका वाटीत एका गटाचे.

"अवो, काहून गाडीचं पोट फाडून रायले जी?" काकू दारातून म्हणाल्या. मग त्यांना इडलीपात्र दिसलं आणि पुढचं मी लिहीत नाही.

७/२ च्या मागे, काचेवर हवा सोडणाऱ्या खाचेच्या तळाशी, सापडले तुरीचे पाच दाणे. बाजार समितीत दाखवायला नमुना म्हणून मूठभर तूर समोर ठेवली होती, तिचे. काकांनी ते तळहातावर घेतले. पंचनामा झाला. "सापडले अतिक्रमणदार!" सगळ्या फटींत पट्ट्या चिकटवल्या. पण फोम संपला आणि दुकान रविवारचं बंद. मग काकांनी घरातला कापूस आणला. यवतमाळ जिल्ह्यात माणसाजवळ दुसरं काही असो-नसो, बोचकंभर कापूस निघतोच. सातच्या मागे तो ठासून भरला. सगळं बसवल्यावर इडलीपात्रात तीन स्क्रू उरले.

"काका, हे?"

"मोजनीत क्षेत्र थोडं जास्त भरतेच."

आठवडाभर शांतता. मग रात्री, उभ्या गाडीतून, इंजिन बंद असताना, कुरकुर. वहीतल्या कुठल्याच जातीत ती बसेना. तिसऱ्या दिवशी एसी लावला तर जाळीतून कापसाचा तंतू आणि सोबत एक वास आला, आणि उलगडा झाला. कापूस घरचा होता म्हणजे वेचणीचा होता, सरकीसकट. सरकीवर उंदीर आले होते, गट सातमध्ये घर बांधून राहिले होते, आणि वरून गादीही आयतीच. "कूळ लागलं," एवढंच काका म्हणाले. कूळ हटवायला पंधरा दिवस आणि कुरतडलेली एक वायर लागली.

आणि ४२ ची खडखड? ती परत आलीच.

तिचा निकाल लागला तो एका पोऱ्याच्या हातून. आर्णी रोडला हवा भरताना त्याने बॉनेट उघडलं, आपटून बंद केलं आणि सहज म्हणाला, "काका, याचं रबर खाली गेलं, बॉनेट हालून रायलं." बॉनेटच्या कोपऱ्यात खालून आधार देणारं एक रबरी बोंड असतं, आट्यांवर फिरणारं. पोऱ्याने ते दोन फेरे वर काढलं. पैसेही घेतले नाहीत. आम्ही कळंबला गेलो. ४२. काही नाही. ४०, ४५, ६०. काही नाही. बॉनेटची थरथर लोखंडातून चालत येऊन डॅशबोर्डमधून बोलत होती, आणि मी पंजे टेकवले की माझा भारच तिला गप्प करत होता. सात महिने आम्ही भलत्याच गावची मोजणी करत होतो.

त्या दिवशी काका देवळात आले. सगळ्या पायऱ्या उतरले, हात जोडले, आणि बाहेर येऊन वहीत 'गट ७ निर्दोष' असं लिहून खाली सही केली. तोंड मात्र उतरलेलं.

पुढचे दिवस वाईट गेले. गाडी अशी गप्प की काकूंच्या बांगड्या ऐकू यायच्या. काका त्यांच्याकडे एकदा नुसतं पाहायचे. काकू म्हणाल्या, "पट्टी लावाची का आता मलेबी?" त्यानंतर त्या गाडीत बसेनात. काकांचं जेवण कमी झालं. साडेसहाला आमचं फाटक वाजेना. खोटं कशाला बोलू, मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग दिवाळीत नागपूरहून पुतण्या आला, नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेऊन. काकांना मान म्हणून पुढे बसवलं, मी मागे. दत्त चौकातून निघालो. इंजिन नाही, त्यामुळे त्याची घरघर नाही. आणि ती घरघर आजवर काय काय पोटात घालत होती ते दोन मिनिटांत कळलं. मागच्या पट्ट्याचं बक्कल टिकटिकत होतं. दारात कुठेतरी वायर आपटत होती. डाव्या खांबाच्या आत बारीक किर्रर्र. पुतण्या कौतुकाने सांगत होता, "काका, बघा, काहीच आवाज नाही."

काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. मान तिरकी केली. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. सात महिन्यांत मी ते इतके ओले झालेले पाहिले नव्हते.

"बाप्पा," ते हळूच म्हणाले, "याच्यात तं सारंच आयकू येते."

मग मागे न वळता माझ्यापुढे हात केला. "पेन्सिल दे. अन् तुह्याजवळ नळी हाय का घरी? माही उंदरानं खाल्ली."