सहामाही परदेशस्थ

माझ्या लहानपणी परदेशस्थांच्या जाती दोनच होत्या. एक, कायमचे गेलेले. दोन, चार वर्षांनी एकदा येऊन पाणी उकळलेलं आहे का विचारणारे. अलीकडे तिसरी निघाली आहे. तिच्यातला माणूस गणपती विसर्जनानंतर जातो आणि पाडव्याला श्रीखंड खायला परत येतो. आमच्या सोसायटीच्या लिफ्टची दुरुस्ती सुरू होऊन संपत नाही तेवढ्यात हा जाऊन, युरोपियन होऊन परतलेलासुद्धा असतो. याला कॉलेजात ‘सेमिस्टर एक्स्चेंज’ म्हणतात. मी सहामाही परदेशस्थ म्हणतो. परीक्षेतला शब्द आहे, आणि परीक्षा असते ती घरच्यांचीच.

आमच्या घरातला नमुना म्हणजे माझा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या करारातून बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत एका सत्रासाठी त्याची निवड झाली. तिथे शिकवणीची फी नव्हती, म्हणून मेहुणे खूश झाले. मग व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधी दाखवायचे असतात हे कळलं. महिना 992 युरो, जर्मनीतल्या एका खात्यात आगाऊ भरायचे आणि मुलाने ते महिन्याच्या महिन्याला हप्त्याने काढायचे. मेहुण्यांनी दोनदा समजून घेतलं. “म्हणजे पैसे माझे, मुलगा माझा, आणि त्याला पॉकेटमनी देणार जर्मन सरकार?” हो म्हटल्यावर ते म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर अकरावीतच पाठवला असता.”

बॅग भरण्याचा कार्यक्रम मी जवळून पाहिला. मर्यादा 23 किलो. हातात धरून लटकवायचा काटा आणला होता. मेहुणे खुर्चीवर उभे राहून बॅग उचलणार आणि आमचे नाना, म्हणजे त्याचे आजोबा, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचणार. पहिला आकडा आला 27.4. ताईने तुपाची बरणी काढली, तीही वजनासाठी नाही, तर दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे असं भाच्याने नियम दाखवून सिद्ध केलं म्हणून. “तूप म्हणजे काय बॉम्ब आहे?” हे ती अजून विचारते. मग एकेक वस्तू निघू लागली. जर्मन व्याकरणाचं पुस्तक निघालं. सिग्नल प्रोसेसिंगचा ठोकळा निघाला. जाड जाकीट निघालं, ते त्याने मुंबईच्या विमानतळापर्यंत अंगावर घालायचं ठरलं. तीन लिटरचा कुकर, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कढीलिंब वाळवून केलेली पूड यांपैकी एकालाही धक्का लागला नाही. नानांनी शेवटी 22.9 वाचलं तेव्हा त्या बॅगेत शिक्षणाशी संबंधित अशी फक्त पासपोर्टची झेरॉक्स होती.

आता मला या जातीचं जे वैशिष्ट्य दिसलं ते सांगतो. ते एका शब्दात असतं. तो शब्द ‘आमच्याकडे’.

बर्लिनला उतरल्याच्या तिसऱ्या दिवसापासून भाच्याचा प्रत्येक फोन ‘आमच्याकडे’ने भरलेला असे. तिथल्या पोरांना तो काय सांगतो ते आम्हाला सविस्तर सांगायचा. आमच्याकडे जेवण गरम असतं. आमच्याकडे पाण्यात सोडा नसतो. आमच्याकडे रविवारी दुकानं उघडी असतात. (तिथे रविवारी जवळजवळ सगळं बंद. पहिल्या रविवारी हा मेतकूट-भातावर राहिला, भातही शनिवारचा.) इथे असताना ज्याला पोह्यांचा वास आला की पिझ्झा मागवावासा वाटे, तो तिथे एका हैदराबादी मुलाशी बाकरवडी श्रेष्ठ की उस्मानिया बिस्कीट यावर रात्री दोनपर्यंत भांडला. आणि प्रत्येक किमतीला 90 ने गुणत होता. डोनर कबाब सात युरो म्हणजे सहाशे तीस. कॉफी तीन युरो म्हणजे दोनशे सत्तर. या गुणाकारापायी पहिला महिना त्याने उपाशी पण अंकगणितात पक्का असा काढला.

मग त्याला बाटल्यांचा शोध लागला. तिथे प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घेतला की 25 सेंट अनामत जास्त द्यावी लागते आणि रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. काचेच्या बिअरच्या बाटलीला 8 सेंट. ही 8 सेंटची माहिती त्याला इतकी नेमकी कशी, हे ताईने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. बावीस रुपये पन्नास पैसे एका बाटलीमागे! भाचा पार्ट्यांनंतर मागे थांबून पिशव्या भरू लागला. ताई मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, “स्वावलंबी झालाय हो.” याच मुलाला तिने आयुष्यभर रद्दीवाल्याच्या काट्याजवळ उभं राहायला सांगितलं आणि याने “आई, लोक बघतात” म्हणून दार लावून घेतलं.

दिवाळी तिथेच आली. इथे नरक चतुर्दशीला याला उठवायला ताई दरवर्षी अंगावरचं पांघरूण ओढून पळायची. तिथे हा गृहस्थ आपण होऊन पहाटे पाचला उठला, उटणं लावलं, मोबाइलवर सनई लावली आणि अभ्यंगस्नान केलं. मोती साबण त्या बॅगेत होता हे मला तेव्हा कळलं. रात्री दहा ते सकाळी सहा ही त्या देशात शांततेची वेळ. संध्याकाळी परतला तर दारावर चिठ्ठी, शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात. आशय असा की आपण पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी स्नानाला प्रारंभ केलात व ते एकोणीस मिनिटं चाललं, संगीताचं नेमकं वाद्य आम्हाला ओळखता आलं नाही, कृपया असं होऊ नये, सस्नेह, तळमजला. भाच्याने चिठ्ठीचा फोटो पाठवून भाषांतरही केलं, आणि ते करताना त्याचा आवाज भरून आला होता. मिनिटं मोजून तक्रार करणारं माणूस घरापासून इतक्या लांब भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

याच सुमारास नानांनी एक काम सांगितलं. आम्ही कोथरूडला राहतो, कर्वे रस्त्याच्या आत. त्या अण्णासाहेब कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई 1928 साली बोटीने याच बर्लिनला गेल्या होत्या. डालेम भागात मानववंशशास्त्राची संस्था होती, तिथे ऑयगेन फिशर या प्रस्थाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं लिहून मोकळ्या झाल्या. गुरू वंशश्रेष्ठत्ववाला, आणि त्याच्याच दारात बसून कोकणस्थाची सून हे लिहिते! नानांना हा प्रसंग फार प्रिय. ती इमारत अजून आहे, आता दुसऱ्या एका विद्यापीठाकडे आहे, भुयारी रेल्वेच्या यू-थ्री लाइनवर. “दाराचा एक फोटो आण,” नाना म्हणाले. “जाईनच,” भाचा म्हणाला.

पुढचे तीन महिने दर रविवारी नाना विचारत, “डालेमला गेलास का?” आणि उत्तर येई प्राग, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅम किंवा पॅरिसहून. सहामाही परदेशस्थ हा ज्या शहरात शिकायला जातो ते सोडून सगळी शहरं पाहतो. रात्रीच्या बसने जायचं म्हणजे हॉटेलचा खर्च वाचतो, सकाळी पुलावर फोटो, दुपारी फ्रिजवर लावायचं चुंबक, रात्री परतीची बस. वाहतुकीपुरता युरोप त्याला तोंडपाठ झाला. एकदा मी विचारलं, “तुमच्या युनिव्हर्सिटीचा रस्ता ‘17 जूनचा रस्ता’ म्हणतोस, तो कुठल्या सालचा 17 जून?” फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, “मामा, नेटवर्क जातंय.” 1953 सालचा, पूर्व जर्मनीत कामगार उठले आणि रशियन रणगाडे आले त्या दिवसाचा. मी कोथरूडमध्ये बसून शोधला. तो त्यावरून रोज चालत होता.

पाडव्याला तो आला आणि ‘आमच्याकडे’ने कूस बदलली.

विमानतळावरून येतानाच मेहुण्यांनी हॉर्न वाजवला तर मागून आवाज आला, “आमच्याकडे नाही वाजवत.” ताईने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर ‘बर्लिन’ म्हटलं की तो हळूच ‘बेअलीन’ करून द्यायचा. सकाळी सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या, हवा बदलायची. आमच्याकडे रोज करतात. बर्लिनच्या थंडीत ते ठीक असेल, कर्वे रस्त्यालगत एप्रिलमध्ये खिडकी उघडली की हवेबरोबर अर्धा रस्ता आत येतो. ताई तीन दिवस झाडत होती. मावशी भेटायला आल्या तर म्हणाला, यायच्या आधी ‘टर्मिन’ घ्यायला हवी होती. टर्मिन म्हणजे भेटीची ठरवून घेतलेली वेळ. मावशींना वाटलं हे औषध आहे, त्या म्हणाल्या, “मी बीपीचीच घेते.”

नळ स्टॉपला मी त्याला स्वतः पाहिला. चालणाऱ्यांसाठीचा सिग्नल लाल होता आणि हा एकटा फुटपाथच्या कडेला हात पाठीमागे बांधून उभा. डावीकडून, उजवीकडून, त्याच्या बगलेखालून माणसं जात होती. दिवा हिरवा झाला की गाड्या थांबत नव्हत्या आणि गाड्या थांबल्या की दिवा लाल होत होता. शेवटी एका रिक्षावाल्याला दया आली. “कुठं जायचंय दादा?” भाच्याने समोर बोट दाखवलं. रिक्षावाल्याने खरंच त्याला पलीकडे नेऊन सोडलं, आणि पैसे घेतले नाहीत, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

गुणाकार गेला, भागाकार आला. “शंभर रुपयांची मिसळ म्हणजे फक्त एक युरो दहा सेंट!” असं म्हणत तो दोन प्लेट घेतो. पैसे मात्र अजून रुपयांत आणि मेहुण्यांच्या खिशातून जातात.

वसंत व्याख्यानमालेला त्याला मी नेलं. व्याख्यान चांगलं झालं, टाळ्या वाजल्या, आणि माझ्या शेजारून टकटक टकटक आवाज. जर्मन विद्यार्थी तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकतात. इथे बाक नव्हता, म्हणून याने समोरच्या खुर्चीची पाठ वापरली. त्या खुर्चीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. ते सावकाश वळले. “आत कोणी नाही,” ते म्हणाले.

आता गुणांचं. तास वेळापत्रकात दहाचा असला तरी सव्वादहाला सुरू होतो, आणि त्या पाव तासाला रीतसर लॅटिन नाव आहे, हे त्याने आम्हाला सोळा वेळा सांगितलं. तासात काय झालं ते एकदाही नाही. निकाल आला तेव्हा ताईला त्याने एवढंच कळवलं : 3.7. शेजारच्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, तिथे चारपैकी गुण देतात. ताईने हिशेब केला, पेढे आणले, जिन्यात वाटले. चारपैकी तीन पॉइंट सात! मीही दोन खाल्ले. नंतर सहज चाळताना कळलं की जर्मनीत उलटं असतं. 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, त्यापुढे बुडाला. भाचा शेवटच्या पायरीच्या फक्त एकच पायरी वर उभा होता. मी त्याला गच्चीत गाठला. तो आधी बरंच जर्मन बोलला, मग म्हणाला, “मामा, आईला नको सांगूस.” तेव्हापासून मला बेअलीनच्या गोष्टी निम्म्या ऐकाव्या लागतात. ताई मासिकं वाचत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

नानांनी मात्र आल्यापासून काही विचारलं नव्हतं. परवा संध्याकाळी भाचा आपणहून त्यांच्या खाटेवर जाऊन बसला. फोन पुढे केला. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी गेलो होतो, म्हणाला. यू-थ्रीने, एकटाच.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, तसाच, काटा वाचताना चढवला होता तसा. फोटो जवळ नेला, लांब नेला. भाच्याने दोन बोटांनी मोठा करून दिला. मीही वाकून पाहिलं. चार पंचमांश फोटोभर भाचा होता, कानटोपी, लाल झालेलं नाक आणि दात. त्याच्या डाव्या कानामागे एका दाराची कड.

“दार बंद दिसतंय रे,” नाना म्हणाले.

“रविवार होता, आजोबा.”

नानांनी फोटो आणखी थोडा सरकवून कानामागचा तो भाग नीट पाहिला. “हां,” ते म्हणाले, “मला पाठव. आणि जरा बाजूला सरकून एखादा काढला असशील तर तोही पाठव.”

“आमच्याकडे…” भाचा सुरू झाला आणि थांबला. कुठल्याकडचं सांगायचं ते त्यालाच ठरेना. मग उठून म्हणाला, “आजोबा, चहा टाकू?”