डिस्कच गेली जी!

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, कॉम्प्युटर अडला की फोन करायला एक भाऊ असतातच. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर आणि रॅम घासायला खोडरबर. आल्याबरोबर भाऊ पंखा बंद करायला लावतात, कॅबिनेटचं झाकण काढतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवून मूठ कानाला लावतात. मे महिन्याच्या ४५ डिग्रीत अख्खं सेतू केंद्र घाम पुसत गप्प. "टकटक करून राह्यली," भाऊ जाहीर करतात, "गेली कामातून."

भाऊंच्या लेखी रोग एकच. विंडोज रेंगाळते? हार्ड डिस्क. पडदा निळा झाला? हार्ड डिस्क. प्रिंटर कागद गिळतो? भाऊ क्षणभर थांबतात, मग म्हणतात, हार्ड डिस्क. कारण तेवढं गावागणिक बदलतं. वणीला कोळशाची धूळ, पांढरकवड्याला जिनिंगची रुई, पुसदला व्होल्टेज. डिस्कच्या आत हवा गाळणीतूनच जाते, धूळ सहसा जात नाही, असं कुणी सांगितलंच तर उत्तर तयार: "थे पुस्तकातलं झालं जी. आपल्या इकडची धूळ येगळी."

एखादा कॉलेजातला पोरगा 'स्मार्ट' तपासणी उघडतो. डिस्क आपल्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवत असते. ५ क्रमांकावर बदललेले खराब सेक्टर, १९७ वर वाचता न आल्यानं ताटकळलेले. १९९ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा. इथं पहिल्या दोघांपुढे शून्य आणि १९९ फुगलेला. केबल बदलली, मशीन सुरू! भाऊ जागचे हलत नाहीत. "मंग मी काय म्हणत होतो? केबल कोनाची? डिस्कचीच ना!"

तरी भाऊंना पुरतं हसण्यावारी नेऊ नका. हेडला आपली जागा सापडेनाशी झाली की डिस्क खरोखरच टकटकते. मात्र पॉवर सप्लाय कमजोर पडला तरीही टकटकू शकते. आणि पोराच्या शून्यावरही विसंबता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखावर डिस्कचा अभ्यास छापला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कच्या नोंदीत धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती.

म्हणूनच भाऊंचा दुसरा प्रश्न मोलाचा: "याची कॉपी कुठी हाय?" यावर सगळे एकमेकांकडे पाहतात. पीकविम्याच्या पावत्या, सातबारे, पोरीच्या लग्नाचे फोटो, सारं त्या एकाच डिस्कवर. भाऊ निदानात चुकतात, या प्रश्नात कधीच चुकत नाहीत. तेव्हा मशीन धड चालतंय तोवर दुसरी प्रत काढून ठेवा. मग भाऊंनी डिस्कला खुशाल मारून टाकावं. आपलं फार तर चहाचं नुकसान.