अनुभवी उमेदवारांनी निराश होऊ नये

भिवंडीजवळच्या कोन गावातल्या गोदामात उमेदीची वर्षे सुपरवायझरी केलेला माणूस चाळिशीत काळा कोट शिवतो, ही न्यायव्यवस्थेसाठी आनंदाची बाब आहे. ई-वे बिल, हमाली, ट्रान्सपोर्टवाल्याशी हुज्जत, सारे त्याला तोंडपाठ. तरी भिवंडी-कल्याणच्या कोर्टात वरिष्ठ विचारतात, “अनुभव काय?” रास्तच आहे. गोदामातला तो अनुभव नव्हे. त्याचा पगार मिळत होता.

तीन वर्षांचे एलएलबी, सनद, अखिल भारतीय बार परीक्षा ही झाली पूर्वतयारी. खरी विद्या पुढे: साहेबांची बॅग उचलणे, झेरॉक्सच्या रांगेत वकालतनाम्याला टाचणी लावणे आणि ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ असे सांगून तारीख घेणे. पूर्णवेळ पगारी नोकरी सांभाळून वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम तर दूरदृष्टीचा. ज्ञानसाधनेत पगाराचा व्यत्यय नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. आता उमेदवार कोन गावचा, कोर्ट शहरातले. दर कोणता लावायचा? प्रश्न गहन आहे. निकाल लागेपर्यंत काहीच न देणे, हा कायद्याचा आदर झाला. गोदामांनीही हे तत्त्व स्वीकारावे आणि हमालांना पहिली पाच वर्षे पोती शिकण्यासाठी उचलू द्यावीत.

इच्छुकांनी त्वरित भेटावे. स्वतःची दुचाकी आवश्यक. पेट्रोल उमेदवाराचे.