भंगारातल्या गाडीचं चलन

"काकू, ऐकलंत का? आबांना चलन आलंय. गाडीनं सिग्नल तोडला म्हणे."

"कुठल्या गाडीनं? त्यांनी तर ती दिवाळीआधीच भंगारात दिली ना?"

"तेच तर! भंगारातली गाडी सोलापूर रस्त्यावर पळतेय."

"अगंबाई! थांबा, गॅस बंद करून येते… हां, बोला आता."

"गाडी २००९ची, डिझेलची. पंधरा वर्षं भरायला आली, तेवढ्यात आबांच्या फोनवर मेसेज आला: दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद, रस्त्यात दिसली की जप्त. आबांनी घाबरून पंचवीस हजारांत देऊन टाकली."

"पण ते खरंच आहे की. टीव्हीवर दाखवलं होतं."

"दिल्लीचं होतं ते! तिथं हरित लवादानं २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. आपलं पुणं कधी गेलं दिल्लीत? इथं घरच्या गाडीचं पंधरा वर्षांनी रीपासिंग करायचं. आरटीओत तपासणी, पाच हजार फी, वर डिझेल म्हणून साडेतीन हजार पर्यावरण कर. झाली पाच वर्षांची सोय."

"साडेआठ हजार वाचवायला गेले आणि गाडीच घालवली म्हणा! पण धूर किती ओकायची हो ती. सकाळी आबा निघाले की माझ्या दोरीवरच्या साड्यांना काजळी."

"तो काही वयाचा दोष नव्हे. आमचा धाकटा सांगतो ना, एअर फिल्टर चोंदला, नोझल गेले की डिझेल पुरतं जळत नाही, मग काळा धूर. आबांनी कितीक वर्षं फिल्टर बघितलाच नव्हता."

"मग पीयूसीत कळलं कसं नाही?"

"गाडी नेली तर कळणार! डिझेलची तपासणी म्हणजे इंजिन चांगलं गरम करायचं, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायचा. असं बऱ्याच वेळा. सायलेन्सरात नळी घालून धूर यंत्रात घेतात. यंत्रात दिवा असतो, त्याचा उजेड धुरानं जितका अडला तितका आकडा. जुन्या गाडीला ६५पर्यंत माफ, बीएस-चारला ५०. पुण्यात बीएस-चार आलं एप्रिल २०१०ला, म्हणजे आबांची गाडी ६५वाल्यांतली."

"म्हातारीला सूट आहे म्हणजे!"

"सूट आहे, पण दर सहा महिन्यांनी हजेरी. बीएस-चारवाल्यांना वर्षातून एकदा."

"आमच्या ह्यांना तर पीयूसी घरपोच येते. एक माणूस नंबर विचारून जातो, संध्याकाळी कागद हजर."

"आबांचंही तसंच चालायचं. मग धूर मोजला कोणी? कागदाला काजळी लागत नाही काकू, साड्यांना लागते."

"बरं बरं, ते ह्यांना ऐकवा. गाडी घेतली कोणी ते सांगा आधी."

"एजंट म्हणाला, भंगारवाल्याला जाणार. अहो, सरकारमान्य केंद्रात गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र हातात मिळतं, नोंदणी रद्द होते. आबांनी नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या! आरसी अजून त्यांच्याच नावावर. म्हणून चलनही त्यांच्याच फोनवर."

"आणि चालवतंय कोण?"

"हळू बोला. गाडी धाकट्याच्याच गॅरेजात आली होती. फिल्टर नवा, नोझल-पंपाचं काम, ऑइल बदललं. मग पीयूसीला नेली तर आकडा ४२. पासिंगही झालं. धाकट्यानं पावती फाडताना गिऱ्हाइकाचं नाव विचारलं, तर समोर उभे कोण? आबांचे व्याही!"

"काय सांगता!"

"आणि तो मेसेज आबांना पाठवला कोणी, माहितेय? त्यांनीच. खाली हात जोडल्याचं चित्रसुद्धा होतं."

"धाकटा काही बोलला नाही आबांना?"

"व्याह्यांनी त्याला शपथ घातलीय ना. मला कुठं घातलीय?"

"मग सांगितलंत की काय?"

"छे, मी कशाला कुणाच्या सोयरिकीत पडू? आबा विचारायला आले होते, चलनाचं काय करू म्हणून. म्हटलं, आत्ता भरू नका, पाडव्याला व्याही जेवायला येतायत ना, त्यांनाच विचारा. आणि हो, ते येतील तेव्हा पानं वाढायच्या आधी जरा फाटकाबाहेर जाऊन गाडी बघून या."

"वहिनी, पाडव्याला मी तुमच्या गच्चीत पापड वाळवायला येते हं. आमच्या गच्चीतून आबांचं फाटक नाही दिसत."