न येणाऱ्या कामाची थोरवी

ज्याला काम येतं त्यानेच ते करावं, हा गैरसमज बहुधा पोलीस खात्याने पसरवला असावा. तो खोडून काढल्याबद्दल ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ या अमेरिकन मालिकेचे उपकार मानावेत तेवढे थोडे. 2021 साली ती सुरू झाली आणि न्यूयॉर्कच्या आर्कोनिया इमारतीत टिम कोनो मेला. शिकल्यासवरल्या पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल मिटवली. मग काहीच न शिकलेले तिघे पुढे सरसावले.

चार्ल्स (स्टीव्ह मार्टिन) एके काळी टीव्हीवर डिटेक्टिव्ह झाला होता. गुन्हेगार कोण हे पटकथेत लिहिलेलं असतं, एवढा दांडगा अनुभव गाठीशी. ऑलिव्हर (मार्टिन शॉर्ट) नाटकं पाडणारा दिग्दर्शक. इमारतीचा मेंटेनन्स थकलेला, आणि जेवण म्हणजे नुसतं डिप. आपण चिप्स बुडवतो ते. मेबल (सेलेना गोमेझ) तर मयताची बालमैत्रीण, पण ही किरकोळ बाब तिने सोबत्यांच्या कानावर घातली नाही. तपासात गुप्तता हवीच.

दुसरं कुणी आधी पुरावे गोळा केले असते. यांनी माइक आणला. खुनी सापडायच्या आत पॉडकास्ट सुरू, हा क्रम मला फार आवडला. श्रोते ताटकळले की संशयित आपोआप सुचतात. गायक स्टिंग याच इमारतीत राहतो ना? मग तोच असणार. तो नाही म्हटल्यावर टेडी डिमास. पॉडकास्टला पैसे त्याचेच, त्यामुळे पत्ता शोधावा लागला नाही.

कळस मात्र चार्ल्सचा. जॅन नावाच्या शेजारणीवर त्याचा जीव जडला. ती बासून वाजवते, आणि खूनही तिनेच केलेला. (फोडलं म्हणून रागावू नका, त्यांना दहा भागांचा हंगाम लागला, तुमचं एका वाक्यात काम झालं.) संशयितावर पाळत ठेवायला पोलिसांना माणसं नेमावी लागतात, चार्ल्सने ती एकट्याने, तिचा हात हातात घेऊन ठेवली. तिने त्याला विष घातलं तेव्हा पठ्ठ्या लुळ्या अंगाने जमिनीवरून सरपटत लिफ्टपर्यंत गेला, बोबड्या जिभेने बोलत.

खून फक्त याच इमारतीतले घ्यायचे, ही यांची शिस्त. इमारतही इमानाने पुरवठा करते. (बाहेरून दिसते ती 86 व्या रस्त्यावरची बेलनॉर्ड, तिथे भाडेकरू अजून मिळतात म्हणे.) पहिला तपास तडीस गेल्यावर सोसायटीची अध्यक्ष बनी फोल्गर मेबलच्या फ्लॅटमध्ये मरून पडली, अंगात विणकामाची सुई. पोलीस आले आणि तिघांनाही बेड्या घालून घेऊन गेले. थकबाकीसाठी ऑलिव्हरच्या मागे लागणारी बाई ती बनीच.