घरच्या प्लगवरचा विश्वकर्मा

पेणला गणपती घडतात, रोह्याजवळ धाटावला रसायनं. मधल्या पट्ट्यात हल्ली घरोघरी वेल्डर घडतात. स्वस्तातलं इन्व्हर्टर मशीन, २३० व्होल्टचा घरचा प्लग, खोक्यावर ठळक ‘२०० अँपिअर’. ड्यूटी सायकल मात्र बारीक अक्षरांत: ६० टक्के, म्हणजे दर १० मिनिटांत ४ मिनिटं मशीनची विश्रांती. (सरकारी कचेरीपेक्षा बरं म्हणायचं.) खिडकीच्या ग्रिलला ते झकास. पण आमचे भाऊ त्यावर ट्रॉलीची १० मिलिमीटरची पट्टी एका टाक्यात जोडतात. कड ग्राइंडरने तासणं वगैरे चोचले नाहीत. वरून टाका सुबक, आत फट शाबूत. शेजाऱ्यांचे दिवे मंदावतात, शिव्या महावितरणला. यंदा त्याच ट्रॉलीतून मंडळाची मूर्ती येणार. सांध्याचं काय, विचारलं तर भाऊ म्हणतात, “विघ्नहर्ताच बसणार आहे ना वर!”